सामाईक भिंतीला टेकवलेले स्पीकर

मृत्युपत्र करून ठेवणार : सयाजी केरबा साळोखे, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी साऊंड सर्व्हिस व ॲम्प्लिफायर दुरुस्ती, सध्या गाणी ऐकणे, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर.

लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल घरात दुमत आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही, धमकावलेले नाही, की काही पाजलेले नाही. उलट "एवढ्यात कशाला?" असे म्हणून माझी पत्नी इंदुमती आठवडाभर माझ्याशी धड बोललेली नाही. पण गेल्या उन्हाळ्यात छातीत स्प्रिंगा बसवून घेतल्यापासून मला एका गोष्टीची काळजी लागून राहिली आहे. ती कलम पाचमध्ये लिहिली आहे. बाकीची कलमे रीत म्हणून. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे सापडलेच तर ते खोटे समजावे.

कलम १. घर. मंगळवार पेठेतील घराचा पूर्वेकडचा अर्धा भाग माझ्या मालकीचा आहे. पश्चिमेकडचा अर्धा भाग माझा धाकटा भाऊ हंबीरराव याचा आहे. वाटणीच्या वेळी मधल्या खोलीत जी भिंत घातली ती दोघांची सामाईक. ती घाईत आणि रागात घातलेली, अर्ध्या विटेची आहे. माझा भाग माझ्या पश्चात इंदुमतीचा, आणि तिच्यानंतर माझी एकुलती मुलगी क्रांती हिचा. सामाईक भिंतीला हात लावायचा तर दोन्ही घरांनी बसून ठरवावे. भिंत घालताना आम्ही बसलो नव्हतो.

कलम २. बँकेतील ठेवी, पोस्टातील रक्कम व घरातील दागिने इंदुमतीचे. दागिने मुळातच तिचे आहेत; मी फक्त कपाटाची किल्ली हरवत असे.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे सोल्डरिंग गन, मीटर, पक्कडी, तारेची रिळे, आणि वडिलांच्या वेळचे दोन कर्णे आमच्या गल्लीतील तालमीच्या मंडळाला द्यावेत. अट एकच. कर्णे झेंडावंदनाला लावावेत, मिरवणुकीला नाही. ते जुने आहेत, त्यांना भाषण सोसते.

कलम ४. स्ट्रीमर (म्हणजे गाण्यांची पेटी, तिचे सविस्तर कलम पाचमध्ये) आणि ॲम्प्लिफायर यांना जोडणारी जाड निळी वायर माझे स्नेही अंबादास पाटगावकर यांना द्यावी. ही वायर घेतल्यावर गाण्याभोवतीचा पडदा सरकतो असे पुण्याच्या दुकानदाराने सांगितले होते. अंबादासपंतांना तो सरकलेला ऐकू आला. मला आजतागायत आलेला नाही. ज्याला फरक कळतो त्याच्याकडे वस्तू जावी हे बरे. त्यांनी मोकळेपणाने न्यावी आणि तिच्या जागी साधी वायर लावून द्यावी.

कलम ५. स्ट्रीमर, ॲम्प्लिफायर व दोन स्पीकर. हे कलम लांबणार आहे. वकीलबाई, म्हणजे ॲड. नंदिनी इंगवले, म्हणाल्या की एवढे सगळे मृत्युपत्रात नसते. मी म्हणालो, मग असते कशात?

आमच्या वडिलांनी केरबा साऊंड सर्व्हिस काढली. लग्न, सत्यनारायण, कुस्तीचे मैदान, सभा, सगळीकडे कर्णा आमचा असे. त्यांच्यामागे आम्ही दोघे भाऊ धंदा बघत होतो. आवाज साफ कसा येईल ते मी बघायचो आणि लांब कसा जाईल ते हंबीर बघायचा. धंद्याला दोन्ही लागते, म्हणून बरीच वर्षे जमले. बिनसले ते कुरुंदवाडला. तिथे घाटाजवळ एका बाईंच्या गाण्याची बैठक होती. मी आवाज बेताचा ठेवला होता. हंबीरने मागून जाऊन तो चढवला. बाईंनी तंबोरा खाली ठेवला आणि लोकांना हात जोडले. परत येताना टेम्पोत मी त्याला नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, "दादा, लोकास्नी छातीत वाजाय पायजे. कानात काय हाय?" मी म्हणालो, "छातीतच वाजवायचं असंल तर वेगळा हो." तो झाला.

माझे म्हणणे तेव्हा बरोबर होते आणि आजही आहे. मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

पुढे त्याने डीजे घेतला. ट्रकवर स्पीकरांची भिंत रचायची आणि मिरवणुकीत तिच्यापुढे दिवसभर उभे राहायचे. नाव झाले, कागलपासून गडहिंग्लजपर्यंत लोक त्याची तारीख धरून लग्ने काढू लागले. मी दुरुस्तीच्या गाळ्यात बसून त्याच्याच धंद्यातले जळालेले ॲम्प्लिफायर दुसऱ्यांच्या हातून घेऊन दुरुस्त करत होतो. आम्ही एका छपराखाली राहिलो, बोललो नाही. जावा-जावांचे मात्र कधी बिनसले नाही. रविवारी तांबड्या रश्श्याचे भांडे मागच्या दाराने जाते आणि परत येताना रिकामे येत नाही. आम्हा दोघांना एकमेकांच्या घरचे मीठमसाले तोंडपाठ आहेत.

हळूहळू हंबीरचे कान गेले. आता समोरच्याचे बोलणे त्याला समजत नाही. मुलांनी कानात घालायचे मशीन आणून दिले, ते तो कपाटात ठेवतो. धंदा त्याने विकला.

थकल्यावर मी गाळा विकला आणि हा स्ट्रीमर घेतला. किंमत येथे लिहीत नाही, कारण इंदुमती हे वाचणार आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही एक जड, काळी, ॲल्युमिनियमची पेटी आहे. तिला इंटरनेटची वायर लागते आणि जगातली गाणी त्या वायरीतून येतात. तिला बटण नाही, कॅसेट घालायची खिडकी नाही, सीडीचे ताट नाही. बघायला आलेल्या प्रत्येकाने विचारले, "ह्यात घालायचं काय?" इंदुमती प्रत्येकाला सांगायची, "गाळा."

पहिले काही महिने पेटीने मला फार छळले. वीज गेली की ती घरचे इंटरनेट विसरायची. कंपनी परदेशातून तिच्यात काहीतरी सुधारणा पाठवायची आणि सुधारणा झाली की ती मुकी व्हायची. मग क्रांती पुण्याहून फोनवर सांगायची, "बाबा, वायर काढा, थांबा, आता लावा." आयुष्यभर दुसऱ्यांचे ॲम्प्लिफायर उघडून बसवणारा माणूस मी, आणि माझ्याकडे आता वायर काढणे आणि लावणे एवढेच काम राहिले. कोणी तज्ज्ञ म्हणवून घेत असेल तर त्याने अशी एक पेटी घरात आणावी, रग जिरते.

स्पीकर मी सामाईक भिंतीला टेकवून ठेवले होते, कारण खोली लहान आणि इंदुमतीला केर काढायला जागा हवी. दुकानदाराचा इंजिनियर पुण्याहून आला. त्याने काठीवर माइक लावून खोली मोजली आणि म्हणाला, "काका, स्पीकर भिंतीपासून हातभर तरी पुढे घ्या. खालचे सूर भिंत सुजवतेय." आम्ही घेतले. त्या दिवशी मला तंबोऱ्याच्या तारा एकेक करून ऐकू आल्या. गाणाऱ्याने श्वास कुठे घेतला ते कळले. मी रडलो. हेच मी कुरुंदवाडला शोधत होतो.

चारेक दिवसांनी हंबीरची बायको तानाबाई मागच्या दारी आली आणि इंदुमतीला म्हणाली, "आक्का, भावजींचं यंत्र बिघडलंय व्हय?"

"न्हाय बा. का गं?"

"काय न्हाय. हे जेवल्यावर मधल्या खोलीत भितीला पाठ लावून बसत्यात रोज. आता दोन-चार दिस झालं, बसत्यात आन लगीच उठत्यात. मला वाटलं बंदच पडलंय. मी इचारलंय म्हणून सांगू नगा."

इंदुमतीने अर्थातच लगेच सांगितले.

या विषयातले मला थोडे कळते. मोठ्या आवाजाने कान जातात तेव्हा आधी बारीक सूर जातात, जाड सूर मागे राहतात. भिंतही जाड सूरच पलीकडे सोडते, तेही स्पीकर तिला टेकलेले असले तर. म्हणजे तबल्याच्या जोडीतला डग्गा तेवढा त्याला पाठीतून मिळत होता आणि बाकीचे गाणे माझ्याकडे राहत होते. आमच्या वाटणीत एवढी सरळ वाटणी दुसऱ्या कशाची झाली नव्हती. आणि इंजिनियरचे ऐकून मी त्याचा वाटा काढून घेतला होता.

त्याच दिवशी आम्ही नवरा-बायकोने स्पीकर परत भिंतीला ढकलले. इंदुमती दोन दिवस कंबर धरून बसली, पण तिने एका शब्दाने विचारले नाही.

तेव्हापासून माझ्याकडचा आवाज बिघडलेला आहे. अंबादासपंत दर गुरुवारी येतात, डोळे मिटून बसतात आणि म्हणतात, "सयाजीराव, घुमतंय हो. एवढं भारी यंत्र, आणि स्पीकर असे भिंतीला? तुमच्यासारख्या माणसाला सांगायला पाहिजे का?" मी खोली लहान असल्याचे सांगतो. पंत, खोली लहान आहेच, पण कारण ते नव्हते.

हंबीर ऐकतो याचा पुरावा म्हणाल तर मला पुरेसा आहे. एकदा तानाबाईने इंदुमतीजवळ निरोप दिला की काल दुपारी लागले होते ते कानडी पद छान होते, परत लावले तर बरे. तानाबाई पन्हाळ्याच्या बाजूची आहे. तिला कानडीत पाणी मागता येत नाही. आमची आई धोंडुबाई मात्र निपाणीकडची होती आणि तसली पदे तिच्या तोंडी असत; त्यांचा ठेका हंबीर नुसत्या डग्ग्यावरूनही ओळखतो. मी ते पद लावले. मग तसली आणखी शोधून लावली. पेटीला वाटते की या घरात कोणीतरी कानडी माणूस राहायला आला आहे, ती आता आपणहून तसलीच काढून देते. अंबादासपंत असतात तेव्हा मी यमन ऐकतो. एरवी दुपारचे जेवण झाले की भरपूर डग्गा असेल असे लावतो. मला ते सगळेच आवडते असे नाही.

हंबीरला विचाराल तर तो नाकारेल. भावकीतल्या एका लग्नाच्या पंगतीत कोणीतरी त्याच्या कानाशी ओरडून विचारले, "थोरल्याचं गाणं येतंय का पलीकडं?" तो सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "कसलं गाणं? मला काय ऐकू येत न्हाय." मी समोरच्या ओळीत होतो. मी भाताला हात लावला नाही.

इंदुमती म्हणते, "तुमी जाऊन बोला की एकदा."

"बोलून त्याला ऐकू येणार हाय का?"

"त्यास्नी न्हाय येत. तुमास्नी येतंय नव्हं?"

मी गेलो नाही. तोही आला नाही.

आता काळजीचे लिहितो. क्रांतीने हे यंत्र मागितले आहे आणि तिचा हक्क पहिला आहे. तिने ते बसवले, तीच ते जाणते, तिच्या पुण्याच्या घरी मोठी खोली आहे. पण यंत्र पुण्याला गेले की दुपारी माझा भाऊ भिंतीला पाठ लावून बसेल आणि भिंत नुसती भिंत असेल. आधीच त्याच्याकडे बाकी काही पोचत नाही. हे मला सहन होत नाही. हे त्याच्याजवळ बोलता येत नाही म्हणून सरकारी कागदावर लिहितो आहे.

नुसते त्याच्या नावाने लिहून ठेवले तर तो घेणार नाही. मेल्या माणसाचे दान नको म्हणून परत पाठवेल, तेवढा त्याला मी ओळखतो. क्रांतीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "द्या काकांना. पण काका 'मी ऐकतो' असं म्हणतील का?" तोच प्रश्न आहे. म्हणून अशी तजवीज करतो.

या मृत्युपत्रावर दुसरा साक्षीदार म्हणून मी हंबीररावास बोलावले आहे. निरोप तानाबाईकडून गेला. उत्तर आले, "सही कराय येतो. बसणार न्हाय." वकीलबाईंचा सल्ला असा की ज्याला मृत्युपत्राने काही मिळायचे आहे त्याने त्यावर साक्ष घालू नये, पुढे भांडणाला जागा राहते. तो सल्ला मी असा वापरतो :

(अ) हंबीररावाने साक्षीदार म्हणून सही केली, तर स्ट्रीमर, ॲम्प्लिफायर व स्पीकर क्रांतीचे. माझा त्याच्यावर राग नाही, आणि यापुढे कोणी हा विषय काढू नये.

(ब) त्याने साक्ष घालायला नकार दिला, तर ही सर्व यंत्रे माझ्या पश्चात त्याची. क्रांतीने स्वतः येऊन ती पलीकडे त्याच्या मधल्या खोलीत बसवून द्यावीत.

सहीच्या आधी त्याने हे कलम वाचावे. पेन त्याच्या हातात असेल. मी काही विचारणार नाही.

कलम ६. वर्गणी. स्ट्रीमरमधली गाणी माझ्या मालकीची नाहीत. दर महिन्याला कंपनीला वर्गणी जाते, ती थांबली की गाणी थांबतात. हे कळल्यावर वकीलबाईंनी विचारले, "मग तुम्ही नक्की देताय काय?" मी म्हणालो, नळ देतोय, पाणीपट्टी वेगळी. यंत्र ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठी ही वर्गणी इंदुमतीने आमच्या जोडखात्यातून चालू ठेवावी. गल्लीतल्या सगळ्या मंडळांना मी आयुष्यभर वर्गणी दिली. ही एकच अशी निघाली की दिल्यावर आवाज कमी करता येतो.

कलम ७. माझ्या अंत्ययात्रेत काहीही वाजवू नये. लोकांना बोलायचे असेल तर बोलू द्यावे. उन्हाच्या वेळी नेऊ नये, अंबादासपंतांना सोसत नाही आणि ते आल्याशिवाय राहणार नाहीत.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी क्रांतीने करावी. तिचा स्वभाव आईवर गेला आहे, त्यामुळे काही राहून जाणार नाही.

पुरवणी. ही माझ्या हाताने, सह्या होण्याआधी, सगळ्यांसमोर लिहिली आहे.

आज सकाळी मला दाखला देणाऱ्या डॉ. मैथिली कुरुंदवाडकर व हंबीरराव असे दोन्ही साक्षीदार आले. हंबीर दारातच उभा राहिला. वकीलबाईंनी वाचायला सुरुवात केली, तेव्हा तो म्हणाला, "मला काय कळत न्हाय त्यातलं. कुठं सही करायची दावा." वकीलबाईंनी कागद त्याच्या हातात दिले आणि वाचल्याशिवाय सही घेणार नाही असे खुणेने सांगितले. चष्मा लावायचा म्हणून त्याला बसावे लागले. इंदुमतीने खुर्ची सरकवली. पेन त्याने उजव्या हातात तयार धरले होते.

तो ओळीखाली बोट धरून वाचतो, शाळेपासूनची सवय आहे. मी खिडकीबाहेर बघत होतो, पण ते बोट मला दिसत होते. पाचव्या कलमात बोट बराच वेळ चालले. इंजिनियर आला त्या ठिकाणी थांबले, वर गेले, परत खाली आले. मग पुढची पाने त्याने भराभर उलटली.

"दादा," तो म्हणाला. आवाज मोठाच होता, त्याला स्वतःचा अंदाज येत नाही. "दादा, मग हिकडं लई घुमत असंल की."

एवढे सगळे वाचून त्याला आधी तेच सुचले. शेवटी तोही केरबा साऊंड सर्व्हिसचाच माणूस. मी "व्हय" म्हणालो. ते त्याला ऐकू गेले नाही, मान हललेली मात्र दिसली.

त्याने पेनाला टोपण लावले आणि ते वकीलबाईंपुढे ठेवले. "साक्षीला दुसरा माणूस बघा, बाई. मी घेणाऱ्यातला हाय."

इंदुमतीने पदर तोंडाला लावला. मला काय झाले ते लिहीत नाही, डॉक्टरांनी नाडी बघितली आणि ठीक आहे म्हणाल्या.

मग तो उठला, स्पीकरपाशी गेला, त्याच्या मागे हात घालून भिंत चाचपली आणि मला म्हणाला, "आन हे फुडं घे. तू मेल्यावर कशाला? मी हिकडंच येऊन बसतो की रोज."

कलम ५ मधील (ब) कायम. समोरच्या टेलरिंगच्या दुकानातून जोतीराम भोसले यांना साक्षीसाठी बोलावले आहे. सह्या झाल्यावर त्यांना थोडे थांबवून घ्यायचे आहे. मला वजन उचलायला बंदी आहे. स्पीकरची एक बाजू ते धरतील, दुसरी हंबीर.

हे सर्व मी वाचून पाहिले. लिहिले आहे तसेच माझ्या मनात आहे.

ठिकाण : मंगळवार पेठ, कोल्हापूर
तारीख : ९ ऑक्टोबर २०२५

सही : सयाजी केरबा साळोखे

आम्हा दोघांसमक्ष सयाजी साळोखे यांनी वरील सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार १ : डॉ. मैथिली कुरुंदवाडकर

साक्षीदार २ : हंबीरराव केरबा साळोखे
(हे नाव खोडले आहे. खाडाखोड माझ्या हातची व माझ्या आनंदाची. स. के. साळोखे)

साक्षीदार २ : जोतीराम भोसले